घाट चढलीस की फोन कर

मुंबई-पुणे अंतर किती, असे कुणी विचारले की मी आधी विचारतो, ‘कशाने जाणार?’ विमानाने जेमतेम १२० किलोमीटर. रेल्वेने १९२. रस्त्याने, कुठून कुठे जायचे त्यावर, दीडशेच्या आसपास.

बँकेत असताना कामानिमित्त एकदा विमानाने गेलो. हवेत अर्धा तास. पण कोथरूडहून लोहगाव, तिथले थांबणे, मग सांताक्रूझहून फोर्ट, असे करता साडेचार तास गेले. १९३० पासून धावणाऱ्या डेक्कन क्वीनने सव्वातीन तासांत मला बोरीबंदरला सोडले असते! सहकाऱ्यांनी पुढे कित्येक दिवस चेष्टा केली.

पण हा हिशेब नेहमीच हसण्यावारी नेता येत नाही.

१९८९ साली मी लोणावळ्याच्या शाखेत होतो. एका रात्री शेजाऱ्यांकडे फोन आला. दादरला वडील अत्यवस्थ. गाडीची वाट पाहवेना, म्हणून ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर निघालो. खंडाळ्याच्या पुढे दोन ट्रक आडवे झाले होते. चार तास जागचे हललो नाही. वरून कुठलेसे विमान गेले. त्याचे दिवे दिसले, मग आवाजही विरला. दादरला पोहोचलो तेव्हा उजाडले होते. वडील दोन तासांपूर्वीच गेले होते.

तेव्हापासून मला वाटते, या दोन शहरांमधले खरे अंतर म्हणजे बोरघाट. १८३० साली गाडीरस्ता झाला. १८६३ साली रेल्वे चढली. सदतीस फुटांना एक फूट अशी ती चढण, आणि ती बांधताना हजारो मजुरांनी प्राण गमावले. २००२ साली साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. खोपोली ते कुसगाव हे १९ किलोमीटरचे अंतर सुमारे १३ वर आणणाऱ्या ‘मिसिंग लिंक’ची आखणी झाली, तीही घाटातली वीस-पंचवीस मिनिटे वाचवण्यासाठीच.

ही मिनिटे मोलाची आहेत, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार? तरी मावळातल्या एका जुन्या खातेदाराचे बोलणे मनातून जात नाही. कामशेतजवळचा शेतकरी, इंद्रायणी भात लावणारा. पूर्वी पीककर्जासाठी माझ्याकडे यायचा. द्रुतगती मार्ग झाल्यावर भेटला. त्याचे घर रस्त्याच्या एका अंगाला, शेत दुसऱ्या. त्या रस्त्यावर ना बैलगाडी चालते, ना ट्रॅक्टर, ना दुचाकी. भुयारी वाटेपर्यंत वळसा घालायचा. तो म्हणाला, ‘साहेब, तुमचं पुणं जवळ आलं, पण माझं शेत लांब गेलं.’

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. आपण वेळ वाचवतो तेव्हा तो कुणाच्या तरी दारावरून वाचवतो, हे निदान माहीत असावे.

माझी मुलगी आता मुंबईत असते. ‘बाबा, अडीच तासांत पोहोचते,’ म्हणून निघते. मी घड्याळ पाहत नाही. तिला एवढेच सांगतो, ‘घाट चढलीस की फोन कर.’ तो फोन आला, की मग मी चहाचे आधण ठेवतो.