चिकटवलेला सांधा उन्हात का सुटतो?

आपल्या पाथर्डी तालुक्यात उन्हाळ्यात टँकरचं पाणी टाकीत साठवावं लागतं, आणि नेमका तेव्हाच पाइपचा सांधा ठिबकायला लागतो. गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले की हा विषय हमखास निघतो. म्हणून आज आम्ही प्लॅस्टिक चिकटवणं आणि तो सांधा टिकवणं यावर बोलणार आहोत.

आधी प्लॅस्टिक ओळखायचं. वस्तूच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो. 3 म्हणजे पीव्हीसी, पांढऱ्या-करड्या पाइपांचं. 2 आणि 4 म्हणजे पॉलिथिन, 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. टाक्या, बादल्या, टब बहुतेक यांचेच. आकडा पुसला असेल तर पाण्याचा थेंब टाकून बघा. अळवाच्या पानावर राहतो तसा तो गोल राहिला, तर तिथे साधा डिंक, एमसील, फेविक्विक काहीच नीट धरणार नाही. ज्यावर पाणी पसरत नाही, त्यावर डिंक तरी कसा पसरणार? अशी टाकी चिरली तर त्याच प्लॅस्टिकची कांडी वितळवून गरम जोड देणारा कारागीर गाठा. तिला रंगही धरत नाही, पापुद्रे सुटतात. तिच्यावर सावली करणंच बरं.

पीव्हीसीचं तसं नाही. पाइपला आपण लावतो ते सोल्युशन पृष्ठभाग थोडा विरघळवतं आणि दोन्ही तुकडे एकजीव होतात. मात्र डबा चुलीजवळ उघडू नका, त्याची वाफ पेट घेते. लेकरंही लांब ठेवा.

सांध्याचे शत्रू दोन, ऊन आणि पाणी. उन्हातले अतिनील किरण प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तोडतात. वरचा थर भुकटीसारखा होतो, मग डिंक कितीही चांगला असला तरी तो त्या भुकटीलाच धरून असतो. एमसीलसारखा लांबीचा थरही उन्हात खडूसारखा होत जातो. पाणी सांध्याच्या कडेने आत शिरतं. त्यात ताण वेगळाच: 10 मीटर पीव्हीसी पाइप 30 अंशांनी तापला की जवळपास 2 सेंटीमीटर लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. रोजची ही ओढाताण सांध्यावर येते. ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात? त्यात साधारण 2.5 टक्के काजळी मिसळलेली असते, ती किरण अडवते. आपल्या पांढऱ्या पाइपला ते काम रंगाने करून घ्यायचं.

पाइपचं पाणी बंद करून सांध्याची जागा धुऊन पूर्ण वाळवा. पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासा, भुकटी कोरड्या फडक्याने पुसा आणि मग तिथे बोट लावू नका, हाताचा तेलकटपणाही सांधा कच्चा करतो. सोल्युशन किंवा लांबी लावल्यावर एक दिवस हलवू नका. पुरता वाळल्यावर पांढऱ्या किंवा फिकट रंगाचे दोन हात द्या, सांध्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं पुढेपर्यंत. कड झाकली पाहिजे, पाणी तिथूनच शिरतं. रंग पाण्यात कालवायचा, घराच्या बाहेरच्या भिंतीला देतात तो. थिनरचा ऑइलपेंट नको, थिनर पीव्हीसीला मऊ करतो. गडद रंगही नको, पाइप जास्त तापेल. पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या आतल्या बाजूला मात्र रंग किंवा लांबी अजिबात लावू नका.

एका घरासाठी रंगाचा अख्खा डबा घेणं परवडत नाही. गटाने मिळून एक घेतला तर आळीतले सगळे सांधे होतात, उरलेला घट्ट झाकून सावलीत ठेवायचा. दरवर्षी मढीच्या यात्रेच्या सुमारास, ऊन तापायला लागलं की, सांध्यावरून बोट फिरवून बघा. बोटाला पांढरी भुकटी लागली, तर जुना रंग थोडा घासून पुन्हा एक हात द्या.