मांजर घुरघुरतंय म्हणजे ते खूश आहे का?

मांडीवरचं मांजर घुरघुरायला लागलं की आपल्याला वाटतं, स्वारी खूश आहे. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण जखमी किंवा आजारी मांजरंही घुरघुरतात. त्यामुळे नुसत्या आवाजावर जाऊ नका, शेपटी बघा. शेपटी सरळ वर करून मांजर जवळ आलं, तर ते तुम्हाला भेटून आनंदात आहे. शेपटी जोरात आपटत असेल तर मात्र हात मागे घ्या (कुत्र्याचा नियम इथे चालत नाही!).

डोळेही बरंच सांगतात. मालकाने मांजराकडे बघत सावकाश डोळे मिटले-उघडले की मांजरही डोळे बारीक करून प्रतिसाद देतं, असं ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांना २०२० मध्ये दिसलं. घरी करून बघा.

आणि घुरघुरणारं मांजर कोपऱ्यात दडून बसलं असेल, खाण्याला तोंड लावत नसेल, तर प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या.