रुंद पडदा एक की साधे पडदे दोन?



जळगाव जिल्ह्यातील सावदा हे गाव केळीसाठी प्रसिद्ध आहे, हे तुम्हांला ठाऊक असेलच. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मध्ये केळीच्या बागा. भुसावळ-खंडवा लोहमार्गावरील सावदा स्थानकातून केळीने भरलेल्या गाड्या वर्षानुवर्षे उत्तर भारताकडे जात आल्या आहेत. ट्रकनेही पुष्कळ माल जातो. अशा गावातील केळी व्यापाऱ्याच्या कचेरीत आज वहीखात्याच्या जोडीला संगणक दिसतो. अशीच एक कचेरी आपण कल्पनेने उभी करू आणि ती तुमच्या काकांची आहे असे समजू.

काकांच्या टेबलावरील संगणकाचा पडदा जुना व लहान आहे. सकाळी त्यांना रावेरचा भाव पाहावा लागतो, बऱ्हाणपूरचा भाव पाहावा लागतो, कोणत्या ट्रकमध्ये किती माल भरला त्याची यादी पाहावी लागते आणि शेतकऱ्याच्या वजनाची पावती करावी लागते. एक कागद उघडला की दुसरा झाकला जातो. मग घाईत एकाचे वजन दुसऱ्याच्या नावावर पडते. चूक काकांची, पण नुकसान शेतकऱ्याचे! महिनाअखेरीस ताई सगळ्या खातेदारांचा हिशेब करते. तिच्या तक्त्यात महिन्याच्या ३१ दिवसांचे ३१ रकाने असतात. ते लहान पडद्यावर मावत नाहीत.

आता नवा पडदा घ्यायचा आहे. एक दुकानदार म्हणतो, "३४ इंची रुंद पडदा घ्या." दुसरा म्हणतो, "त्यापेक्षा २४ इंची दोन घ्या." काका तुमच्याकडे वळतात आणि म्हणतात, "तुम्ही मुलं शाळेत भूमिती शिकता ना? मग सांगा बरं, काय घेऊ?"

चला तर मग, काकांना उत्तर देऊ या.

कर्णाची गंमत

पडदा ३४ इंची म्हणजे काय ३४ इंच? रुंदी नव्हे, उंचीही नव्हे. तो आहे कर्ण, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर. केवळ कर्णावरून पडदा केवढा मोठा आहे हे कळत नाही. खोटे वाटते? मग कागद-पट्टी घ्या. एक आयत ८ सेंमी लांब व ६ सेंमी रुंद काढा. दुसरा ९.६ सेंमी लांब व २.८ सेंमी रुंद काढा. दोन्हींचे कर्ण मोजा. दोन्ही बरोबर १० सेंमी भरतील! पायथागोरसचा सिद्धांत वापरूनही तुम्हांला हे पडताळता येईल. पण क्षेत्रफळ? पहिल्याचे ४८ चौरस सेंमी, तर दुसऱ्याचे २७ चौरस सेंमीहूनही किंचित कमी. कर्ण तोच, पण आयत जितका लांबट तितकी जागा कमी.

साध्या पडद्याची रुंदी व उंची १६:९ या प्रमाणात असते. अतिरुंद पडद्याला बाजारात २१:९ म्हणतात. (२१:९ म्हणजे ७:३. मग तसेच का म्हणत नाहीत? १६:९ शी तुलना सोपी व्हावी म्हणून.) ३४ इंची अतिरुंद पडदा प्रत्यक्षात सुमारे ८० सेंमी रुंद व ३३ सेंमी उंच असतो. २४ इंची साधा पडदा सुमारे ५३ सेंमी रुंद व ३० सेंमी उंच असतो. असे दोन शेजारी ठेवले की रुंदी झाली १०६ सेंमी. म्हणजे जागा दोन पडद्यांवर जास्त.

पण थांबा! पडद्यावरील चित्र बारीक बारीक बिंदूंचे बनलेले असते. ३४ इंची अतिरुंद पडद्यावर बहुधा ३४४० × १४४० बिंदू असतात, म्हणजे सुमारे साडेएकोणपन्नास लाख. नेहमीच्या २४ इंची पडद्यावर १९२० × १०८० असतात. असे दोन मिळून साडेएक्केचाळीस लाखांच्या आतच. पहिल्यात एका सेंटिमीटरमध्ये ४३ बिंदू बसतात, दुसऱ्यात ३६. म्हणून रुंद पडद्यावरील अक्षर अधिक रेखीव दिसते. तेव्हा जागेत दोघे पुढे, तर बिंदूंत एकटा पुढे.

डोळा एका वेळी किती पाहतो?

आता पडदा सोडून डोळ्याकडे वळू. हात समोर सरळ करा आणि अंगठ्याच्या नखाकडे पाहा. ते नख तुमच्या डोळ्याशी सुमारे दीड ते दोन अंशांचा कोन करते. अगदी स्पष्ट असे आपल्याला एका वेळी जवळजवळ तेवढेच दिसते! डोळ्याच्या आतल्या दृष्टिपटलावर मध्यभागी एक इवलासा खळगा आहे. रंग व बारकावे ओळखणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पेशी तेथे दाटीवाटीने असतात. बाजूला जावे तशी ही दाटी कमी होते. या ओळीतील एका शब्दावर नजर खिळवा आणि नजर न हलवता पाच शब्द पुढचा शब्द वाचून पाहा. जमत नाही ना?

म्हणून पडदा कितीही मोठा असला तरी आपण तो एकदम वाचत नाही. डोळे भराभर फिरवून तुकड्या-तुकड्याने वाचतो. बाजूला १५-२० अंशांपर्यंत नुसते डोळे फिरवून भागते. त्यापुढे मानही वळू लागते. एकदा वळली तर काही बिघडत नाही, पण दिवसभर एकाच बाजूला वळत राहिली तर संध्याकाळी आखडते.

काका पडद्यापासून ७० सेंमी अंतरावर बसतात असे धरू. सपाट रुंद पडद्याचे टोक मध्यापासून ४० सेंमी दूर आहे. काटकोन त्रिकोण काढून मोजा. काकांच्या डोळ्यापासून ते टोक सुमारे ८०.६ सेंमी दूर पडते आणि तिकडे पाहायला नजर सुमारे ३० अंश वळवावी लागते. दोन पडदे सरळ रेषेत ठेवले तर टोक जवळजवळ ८८ सेंमीवर जाते आणि नजर ३७ अंश वळवावी लागते. शिवाय तेथील अक्षर तिरपे दिसते. त्याची उंची मधल्या अक्षराच्या सुमारे ८० टक्के, तर रुंदी सुमारे ६४ टक्केच दिसते. ८ चा ३ वाटायला आणखी काय हवे?

यावर उपाय सोपा आहे. दोन पडदे उघडलेल्या पुस्तकासारखे काकांकडे थोडे वळवून ठेवावेत. अखंड पडदा असा मधोमध दुमडता येत नाही, म्हणून पुष्कळ अतिरुंद पडदे मुळातच वक्र बनवतात. अशा पडद्यावर १५०० हा आकडा लिहिलेला असेल, तर तो १५०० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस आहे असे समजावे.

सांध्याचा प्रश्न

दोन पडद्यांत मात्र एक गोष्ट टळत नाही. दोन्हींच्या चौकटी जेथे भेटतात तेथे एक काळी पट्टी राहते. हा प्रश्न नवा नाही. चित्रपटवाल्यांना तो सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी पडला होता.

१९५२ साली न्यूयॉर्कमध्ये 'सिनेरामा' नावाची पद्धत लोकांपुढे आली. तीन प्रक्षेपक तीन चित्रे शेजारी शेजारी टाकत आणि १४६ अंशांच्या कमानदार पडद्यावर मिळून एकच विशाल देखावा उभा राही. प्रेक्षक थक्क झाले. पण जेथे दोन चित्रे जुळत तेथे सांध्याची रेघ दिसे. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, 'द रोब' हा चित्रपट 'सिनेमास्कोप' पद्धतीने आला. यात फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी क्रेत्यां यांच्या भिंगाची युक्ती होती. छायाचित्रण करताना भिंग देखाव्याची रुंदी निम्मी दाबून एकाच फितीवर बसवी. दाखवताना दुसरे भिंग ती पुन्हा दुप्पट पसरी. फीत एक, प्रक्षेपक एक, सांधा नाही! आपल्याकडे गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' हा १९५९ चा चित्रपट सिनेमास्कोपमधील पहिला भारतीय चित्रपट. पुढे १९६० च्या दशकात सिनेरामानेही तीन फिती सोडून एकच फीत पत्करली.

मग सांधा नेहमीच वाईट का? तसे नाही. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. कोणत्याही दूरदर्शन केंद्राच्या नियंत्रण कक्षात जा. तेथे एकाशेजारी एक अनेक पडदे असतात. प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्र वेगळ्या पडद्यावर दिसते आणि निर्माता त्यांतून एक निवडतो. तेथील सांधे कोणालाच खुपत नाहीत, कारण चित्रेच वेगवेगळी आहेत.

यातच आपल्या प्रश्नाची किल्ली आहे. ताटातल्या वाट्या वेगळ्या असतात म्हणून आपण कुरकुर करत नाही. भरीत एका वाटीत, वरण दुसरीत. पण कळण्याची भाकरी दोन वाट्यांत विभागून वाढली तर कसे चालेल? काम अखंड असेल तर पडदा अखंड हवा. कामातच सांधे असतील तर पडद्यातला सांधा अडत नाही.

आता काकांचे टेबल

काकांचे काम वाट्यांसारखे आहे. भाव वेगळे, ट्रकची यादी वेगळी, पावती वेगळी. शिवाय त्यांच्या टेबलापलीकडे शेतकरी बसलेला असतो. आपले वजन किती लिहिले, भाव कोणता लावला, हे त्याला पाहायचे असते. दोन पडदे असतील तर एक त्याच्याकडे फिरवता येतो. त्यावर फक्त त्याची पावती ठेवायची, बाकीच्यांची खाती दुसऱ्या पडद्यावर. चूक झाली तर ती तेथल्या तेथे, त्याच्याच डोळ्यांसमोर सुधारता येते. अखंड पडदा फिरवला तर सगळ्या गावाचे हिशेब उघडे पडतील! आणखी एक फायदा असा की, एक पडदा बिघडला तरी दुसऱ्यावर काम चालू राहते.

ताईचे काम मात्र भाकरीसारखे आहे. तिच्या तक्त्यात नावाच्या रकान्याला ४४० बिंदू दिले असे समजा. एका साध्या पडद्यावर उरलेल्या १४८० बिंदूंत ३१ रकाने बसवले तर प्रत्येकाला ४७ बिंदू, म्हणजे जेमतेम १.३ सेंमी मिळतात. पाच आकडी रक्कम त्यात कशीबशी मावते. रुंद पडद्यावर उरलेल्या ३००० बिंदूंत प्रत्येकाला ९६ बिंदू, म्हणजे २ सेंमीहून अधिक मिळतात. ताईसाठी रुंद पडदा उत्तम.

पण टेबल एकच आहे आणि पैसेही एकाच खरेदीपुरते आहेत. काकांचे काम रोजचे, ताईचे महिन्यातून दोन दिवसांचे. म्हणून दोन पडदे घ्यावेत. मग ताईने काय करावे? तिने तक्ता दोन्ही पडद्यांवर पसरावा आणि सांधा १५ व १६ तारखेच्या मध्ये आणावा. पहिला पंधरवडा डाव्या पडद्यावर, दुसरा उजव्या पडद्यावर. पहिल्या पंधरा दिवसांना प्रत्येकी ९८ बिंदू मिळतात, पुढच्या दिवसांना त्याहूनही जास्त. कामातला सांधा आणि पडद्यातला सांधा एकाच जागी आला की डोळा अडखळत नाही!

मात्र एक काळजी घ्यायला हवी. दोन्ही पडदे सारखे मांडले तर सांधा नेमका नाकासमोर येतो आणि मान सदैव डावीकडे किंवा उजवीकडे राहते. म्हणून काकांनी जास्त वापराचा पडदा समोर ठेवावा आणि दुसरा बाजूला वळवून ठेवावा. दुसऱ्याच्या मध्याकडे पाहायला सुमारे ४० अंश वळावे लागेल, तेव्हा तेथे अधूनमधून पाहायच्या गोष्टीच ठेवाव्यात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी. खिडकीचा उजेड पडद्यावर चमकू नये. आणि दर वीसेक मिनिटांनी नजर उचलून दूर पाहावे. खिडकीतून सातपुडा दिसत असेल तर फारच छान!

करून पाहा

हे सारे पडदे विकत न घेताही तपासता येते. केळी भरण्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून ८० × ३३ सेंमीचा एक आणि ५३ × ३० सेंमीचे दोन तुकडे कापा. त्यांवर वर्तमानपत्र चिकटवा आणि टेबलावर उभे करा. ७० सेंमी लांब दोरा घेऊन बसायची जागा ठरवा. आता टोकाच्या ओळी वाचा. मान कधी वळते हे मित्राला पाहायला सांगा. पुठ्ठे वळवून पुन्हा वाचा.

मग घरी, शाळेच्या कार्यालयात किंवा गावातील एखाद्या दुकानात टेबलावर काय काम चालते ते पाहा आणि ठरवा, तेथे भाकरी आहे की वाट्या? उत्तर मिळाले की पडदा कोणता घ्यावा हे तुम्हीच सांगू शकाल.