डीव्हीडी संच आणि दूरचित्रवाणी : चित्र व ध्वनी यांची जोडणी

आंबेगाव तालुक्यात लोणी-धामणीच्या बाजूला ज्या घरी दहा-पंधरा वर्षांपूर्वी लग्नकार्य झाले, त्या घराच्या कपाटात लग्नाची डीव्हीडी हमखास सापडते. तिच्या शेजारी कीर्तनाच्या आणि नारायणगावच्या तमाशा फडांच्या वगांच्या तबकड्याही असतात. पाहुणे आले की त्या बाहेर निघतात, आणि नेमके तेव्हाच चित्र दिसत नाही किंवा आवाज येत नाही. मग संच बिघडला असे ठरवून तो मंचरच्या दुकानात नेला जातो. बहुतेक वेळा हा निष्कर्ष घाईचा असतो. दोष यंत्रात नसून दोन यंत्रांमधील वाटेत असतो, आणि चित्राची वाट व ध्वनीची वाट वेगवेगळी असल्यामुळे तो कोठे आहे हे लक्षणांवरून ओळखता येते.

डीव्हीडी १९९६ मध्ये प्रथम जपानच्या बाजारात आली. तिच्या आधीच्या व्हीसीडीवरील चित्र भारतीय मानकानुसार ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे असे, तर डीव्हीडीवरील ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे असते. एकपदरी डीव्हीडीत सुमारे ४.७ गिगाबाइट माहिती मावते, म्हणून दोन-तीन व्हीसीडींवर विभागला जाणारा चित्रपट एका तबकडीत बसू लागला. भारताने रंगीत प्रक्षेपणासाठी ‘पाल’ ही पद्धती स्वीकारली. जर्मनीतील टेलिफुंकन कंपनीत वॉल्टर ब्रुख यांनी ती विकसित केली होती. तीत ६२५ रेषा व सेकंदाला २५ चित्रे असतात. अमेरिका व जपान येथील ‘एनटीएससी’ पद्धतीत ५२५ रेषा व सुमारे ३० चित्रे असतात. परदेशातील नातेवाइकांनी पाठवलेली तबकडी जुन्या टीव्हीवर कृष्णधवल दिसते किंवा तिचे चित्र वर-खाली फिरत राहते, त्याचे कारण हा पद्धतिभेद होय. संचाच्या मांडणीत (सेटअपमध्ये) जाऊन ‘पाल’ निवडले की बहुधा काम भागते.

जोडणीचे मुख्य प्रकार चार. सर्वांत प्रचलित म्हणजे संमिश्र जोडणी, अर्थात तीन पिनांची वायर. पिवळ्या पिनेतून संपूर्ण चित्र, पांढरीतून डावा व तांबडीतून उजवा ध्वनी जातो. चित्राची प्रकाशमानता आणि रंग एकाच तारेतून जात असल्याने बारीक रेघांच्या कडेला रंगाची भुरभुर दिसते. दुसरी एस-व्हिडिओ, तीत प्रकाशमानता आणि रंग वेगळे केलेले असतात, पण आपल्याकडे ती फारशी रुळली नाही. तिसरी घटक जोडणी, म्हणजे कॉम्पोनंट. तिच्या हिरव्या, निळ्या व तांबड्या अशा तीन पिना केवळ चित्रासाठी असून ध्वनीसाठी आणखी दोन लागतात. चौथी एचडीएमआय. तिच्या एकोणीस टोकांच्या एकाच वायरीतून चित्र व ध्वनी दोन्ही अंकीय रूपात जातात.

चित्र नसेल तर सर्वप्रथम टीव्हीच्या रिमोटवरील ‘सोर्स’ कळ दाबून योग्य प्रवेशमार्ग निवडलेला आहे ना, ते पाहावे. पडद्यावर मुंग्या दिसत असतील तर टीव्ही अजून अँटेनाचीच वाट पाहत आहे, असे समजावे. आवाज येतो पण चित्र येत नाही, तर पिवळी पिन तपासावी. चित्र आहे पण रंग नाही, तर पिवळी पिन टीव्हीच्या हिरव्या छिद्रात गेली असण्याचा संभव मोठा. त्या छिद्राला केवळ प्रकाशमानता कळते, त्यामुळे चित्र उमटते ते कृष्णधवल. अलीकडील काही टीव्हींवर हिरवे व पिवळे छिद्र एकच असते. तेथे मांडणीतून ‘एव्ही’ निवडावे लागते. घटक जोडणीत तांबड्या पिना दोन असतात, एक चित्राची व एक ध्वनीची. त्यांची अदलाबदल झाली की रंग बिघडतो आणि एका बाजूचा आवाजही जातो; कारागिरालाही चकवणारी ही चूक आहे.

संचाचा चित्रनिर्गम ‘प्रोग्रेसिव्ह’ पद्धतीवर गेला असेल तर जुन्या टीव्हीवर चित्र फाटलेले दिसते किंवा दिसतच नाही. येथे पंचाईत अशी, की मांडणी बदलायची तर ती दिसायला हवी. यासाठी अनेक संचांच्या रिमोटवर ‘व्ही-मोड’ कळ असते. चित्र स्थिर होईपर्यंत ती थांबून-थांबून दाबावी.

ध्वनीचे दोष अधिक फसवे असतात. संचामागील नारिंगी छिद्र अंकीय ध्वनीचे असते. आकार सारखाच असल्याने त्यात पांढरी पिन सहज बसते. मग एकतर शांतता, नाहीतर कर्कश खरखर. काही संचांना सहा ध्वनिनिर्गम असतात. त्यांतील फक्त पुढच्या डाव्या-उजव्याला वायर लावली, तर पार्श्वसंगीत दणदणीत येते, पण संवाद जेमतेम ऐकू येतात, कारण चित्रपटातील संवाद मुख्यतः मधल्या वाहिनीवर असतात. मांडणीत ‘स्टिरिओ’ अथवा ‘डाउनमिक्स’ निवडणे हा त्यावरील उपाय. कॅराओकेच्या व्हीसीडीवर पुष्कळदा एका बाजूला गायन व दुसऱ्या बाजूला नुसते वाद्यसंगीत असते. तेथे गायकाचा आवाज गेला म्हणून वायर बदलण्याची गरज नाही. रिमोटवरून डावी किंवा उजवी बाजू निवडावी.

सतत घुमणारी गुणगुण आणि चित्रात वर सरकणारे आडवे पट्टे हा विजेच्या गोंगाटाचा परिणाम. वायरीतील मधल्या तारेभोवती तांब्याची जाळी असते, ती बाहेरचा गोंगाट अडवते. स्वस्त वायरीत ही जाळी विरळ असते. अशा गोंगाटाचे महत्त्व या परिसराने मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. शेजारच्या जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, आणि ती तेथे उभारण्यामागे मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे हे एक प्रमुख कारण होते. घरात मात्र उपाय साधे आहेत : टीव्ही व संच विजेच्या एकाच फळीवरून चालवावेत, घराची अर्थिंग तपासून घ्यावी, आणि केबलची वायर काढताच गुणगुण थांबते का ते पाहावे. जुन्या पेटीच्या टीव्हीवर मोठा स्पीकर ठेवला तर त्यातील चुंबकामुळे पडद्याच्या कोपऱ्यात जांभळे-हिरवे डाग पडतात. स्पीकर दूर करून टीव्ही काही वेळ बंद ठेवावा व पुन्हा लावावा. आतील वेटोळे पडद्याचे चुंबकत्व उतरवते. गरज पडल्यास हे दोन-तीनदा करावे.

नव्या टीव्हीला तीन छिद्रे नसली तर एचडीएमआय रूपांतरक घ्यावा लागतो. दुकानात सारख्याच दिसणाऱ्या दोन डब्या असतात : एक एव्हीकडून एचडीएमआयकडे नेणारी, दुसरी नेमकी उलट. आपल्याला पहिली हवी; पैसे देण्यापूर्वी डबीवरील बाण वाचावा. तिला स्वतंत्र विद्युतपुरवठा लागतो, हेही विसरू नये. टीव्हीला हेडफोनएवढे एकच एव्ही छिद्र असल्यास त्या टीव्हीबरोबर आलेलीच वायर वापरावी, कारण पिनेवरील कड्यांचा क्रम कंपनीगणिक बदलतो.

जोडणी जमली म्हणजे आणखी एक काम करून टाकावे. लग्नाची तबकडी कारखान्यात ठशाने छापलेली नसते. ती एका रंगद्रव्याच्या थरावर लेसरने लिहिलेली असते, आणि ऊन, उष्णता व दमटपणा यांनी तो थर कालांतराने निकामी होतो. तबकडी अजून वाचली जात आहे तोवर संगणकावर तिची प्रत काढून ती दोन ठिकाणी जपून ठेवावी.