पात्यावरचे नाव : बालाघाटच्या विझलेल्या भट्ट्या आणि जपानचे सेकी

गोंदियाहून बालाघाटकडे निघाले, की बाघ नदीचा पूल ओलांडताच महाराष्ट्र संपतो आणि मध्य प्रदेशातील राजेगाव लागते. राज्य बदलते, बोली मात्र पुलावर थांबत नाही. नदीच्या दोन्ही तीरांवर पोवारी आणि मराठी कानी पडते. भातशेतीच्या या पट्ट्यातील आठवडी बाजारांत लोहार विळे, कोयते आणि कुऱ्हाडी मांडून बसलेले दिसतात. पाते बहुधा मालमोटारीच्या जुन्या पाट्याच्या पोलादाचे असते. ते चांगले पाणी धरते, वर्षानुवर्षे टिकते. मात्र त्यावर घडविणाऱ्याचे नाव नसते आणि ते विचारण्याची रीतही नाही.

जपानमधील गिफू प्रांतात, नागारा नदीच्या काठी सेकी नावाचे शहर आहे. तेथेही पातीच घडतात; पण ती पाहण्यासाठी जगभरातून माणसे जातात. जर्मनीचे झोलिंगन, इंग्लंडचे शेफिल्ड आणि जपानचे सेकी ही पात्यांच्या व्यवसायातील तीन मातब्बर नावे मानली जातात. एका लोहाराचे पाते निनावी राहते आणि दुसऱ्याचे नाव गावासह जगभर जाते, हे कशामुळे घडते?

सेकीत काय पाहायला मिळते?

सेकीची तलवारीची परंपरा तेराव्या-चौदाव्या शतकापर्यंत मागे जाते. योग्य माती, पाइनच्या लाकडाचा कोळसा आणि नदीचे पाणी जवळच मिळत असल्याने लोहार येथे स्थिरावले, असे सांगितले जाते. शहरातील लोहारकलेच्या संग्रहालयात ठरावीक दिवशी प्रत्यक्ष घडाई पाहता येते. पांढरी वस्त्रे नेसलेले लोहार तापलेल्या पोलादावर आळीपाळीने घण घालतात. ते पोलाद ठोकून दुमडायचे, पुन्हा ठोकायचे, असे दहा-पंधरा वेळा चालते. त्यामुळे त्यातील मळ निघून जातो आणि कण एकसारखे होतात.

खरी कसोटी पाणी देताना लागते. पात्याच्या पाठीवर मातीचा जाड थर, तर धारेवर पातळ थर देऊन ते तापवतात आणि पाण्यात बुडवतात. पातळ थराखालची धार झटकन निवते व कठीण होते. पाठ सावकाश निवते आणि लवचीक राहते. दोहोंच्या सीमेवर उमटणारी धूसर, लाटेसारखी रेषा हीच जपानी तलवारीची ओळख. यानंतर पाते घासून उजळणारा वेगळा आणि म्यान करणारा वेगळा. शेवटी मुठीत दडणाऱ्या भागावर लोहार आपले नाव कोरतो.

ऑक्टोबरात येथे पात्यांचा उत्सव भरतो. 8 नोव्हेंबरला झिजलेल्या सुऱ्या-कात्र्या गोळा करून त्यांच्यासाठी कृतज्ञतेचा विधी केला जातो. खंडेनवमीला शस्त्रे-अवजारे पुजणाऱ्या आपल्याकडच्या वाचकाला ही भावना अनोळखी वाटू नये.

बंदी दोन्हीकडे आली

ही परंपरा अखंड सुखात नांदली, असे मात्र नाही. 1876 मध्ये जपानी सरकारने कमरेला तलवार लावण्यावर बंदी घातली आणि लोहारांचे गिऱ्हाईक एका फटक्यात गेले. सेकीचे कारागीर चाकू, कात्र्या आणि स्वयंपाकाच्या सुऱ्यांकडे वळले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी ताब्यात तलवारी घडविणेच थांबले. 1948 मध्ये कलात्मक तलवारींच्या जतनासाठी संस्था उभी राहिली आणि पुढे परवान्याची चौकट तयार झाली. आज तेथे तलवार घडविण्यासाठी परवानाधारक गुरूकडे किमान 5 वर्षे उमेदवारी करावी लागते. एका लोहाराला महिन्याला 2 लांब तलवारींपेक्षा अधिक घडविता येत नाहीत. संख्येवरील या मर्यादेमुळे दर्जा आणि किंमत दोन्ही टिकून राहतात.

भारतातही जवळपास त्याच सुमारास, 1878 मध्ये, ब्रिटिशांचा शस्त्र कायदा आला. धोप आणि फिरंग घडविणारे हात शेतीच्या अवजारांकडे वळले. इथवरची कहाणी दोन्ही देशांची सारखीच. फरक पडला तो लोखंडाच्या उगमापाशी.

घाटावरच्या भट्ट्या

राजेगावहून बालाघाट आणि तेथून घाट चढून गेले, की बैहरचा जंगलपट्टा लागतो. मंडला आणि बालाघाटच्या या टापूत अगरिया जमात पिढ्यान्‌पिढ्या दगडातून लोखंड गाळत आली. वेरियर एल्विन यांनी 1942 मध्ये या जमातीवर स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. मातीची जेमतेम कमरेइतकी भट्टी, सालाच्या लाकडाचा कोळसा आणि पायाने दाबायचे कातडी भाते, एवढीच सामग्री. भट्टीत लोहासुर, कोळशात कोयलासुर आणि अग्नीत अग्यासुर वसतो, ही त्यांची श्रद्धा.

जपानी तलवारीचे पोलादही अशाच मातीच्या भट्टीतून निघते. ‘तातारा’ हे तिचे नाव मुळात पायभात्याचेच. लोहवाळू आणि कोळसा तीन दिवस, तीन रात्री घालत राहिल्यावर सुमारे अडीच टनांचा गोळा निघतो आणि त्यातील उत्तम भागच तलवारीला लागतो. ही भट्टीही विझली होती. 1977 मध्ये शिमाने प्रांतात ती पुन्हा पेटविण्यात आली, कारण त्या पोलादावाचून तलवारीची विद्या टिकली नसती.

अगरियांच्या भट्टीला असा वाली लाभला नाही. भट्टीवर कर बसला, राखीव जंगलांमुळे कोळसा दुर्मीळ झाला आणि कारखान्यातील स्वस्त लोखंड बाजारात आले. लोखंड गाळणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्या मजुरीला लागल्या.

गोव्याचा धागा

या कहाणीत गोमंतकही येतो. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज जहाजे गोव्याहून मकावमार्गे नागासाकीला जात. त्या काळातील काही जपानी तलवारींवर ‘नानबान’ म्हणजे परदेशी लोखंड वापरल्याची नोंद कोरलेली आढळते. तोकुगावा घराण्याचा आश्रय लाभलेला यासुत्सुगु हा लोहार त्यासाठी प्रसिद्ध. हे लोखंड भारतातून गेले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे 1950 च्या दशकापासून गोव्याचे खनिज जहाजे भरभरून जपानच्या पोलाद कारखान्यांकडे गेले. लोखंड इकडून जात राहिले. पात्याचे नाव तिकडे झाले.

उपाय कोठे?

2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहार आणि अस्त्रकार यांचा समावेश आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीचे कर्ज तीत मिळते. ही मदत मोलाची आहे. पण ती एकेका कारागिरापर्यंत पोहोचते. सेकीत कारागिराच्या मागे पोलाद गाळणारा, धार लावणारा, उमेदवार, संग्रहालय आणि जाणता गिऱ्हाईक अशी सारी साखळी उभी आहे. आपल्याकडे तिचा पहिलाच दुवा निखळला.

विझलेली भट्टी पेटविणे सोपे नाही. सुरुवात मात्र साध्या गोष्टीने होऊ शकते. बाजारातून कोयता किंवा विळी घेताना ती कोणी घडविली, हे विचारावे आणि लोहाराने आपली खूण पात्यावर उमटवावी. सेकीची ख्यातीही अखेर पात्यावर कोरलेल्या नावांतूनच उभी राहिली आहे.