पाणी ठीक, पण माशाच्या आत काय? पेशीतला आंबटपणा मोजणारा उजेड



गेल्या उन्हाळ्यात आपल्या एका सभासदाच्या शेततळ्यात सकाळी रोहू-कतला वर येऊन हवा गिळायला लागले. पट्टी बुडवून पाहिली, पीएच सातच्या आसपास. कोणीतरी म्हणालं, पाणी आंबट होत असंल, चुना टाका. भर दुपारी बिनविझलेला चुना पडला आणि संध्याकाळपर्यंत मासे आणखी मेले. कारण तेवढं एकच होतं, असं आम्ही छातीठोकपणे सांगत नाही. पण नंतरच्या बैठकीत एका पोरानं विचारलं, "पाण्याचा पीएच पट्टीवर दिसतो, पण माशाच्या अंगात काय होते, ते कोणी पाहिलं का?"

पाहिलं आहे, राजेहो. आणि ते पाहायला समुद्रातल्याच जिवांनी मदत केली.

🔹 आधी पीएच म्हणजे काय

हळदीत चुना मिसळला की लाल रंग येतो, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. हळदीतला रंग पाण्याची जात ओळखतो. पीएचची पट्टी हेच काम जास्त बारकाईनं करते. सात म्हणजे मधलं, खाली गेलं तर आंबट, वर गेलं तर अल्कधर्मी, चुन्यासारखं. एक लक्षात ठेवा, इथं एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट. सातचं सहा झालं तर आंबटपणा दहापट वाढला.

जिवंत पेशीच्या आतही असाच हिशोब चालतो. पेशीतला मुख्य रस साधारण ७.२ वर असतो. त्याच पेशीत कचरा पचवणाऱ्या बारीक पिशव्या असतात, त्यांना लायसोसोम म्हणतात. तिथं पीएच ४.५ ते ५, म्हणजे बाहेरच्या रसापेक्षा शेकडोपट आंबट. हा तोल बिघडला की पेशीची कामं थांबतात.

🔹 माकुळाची जाडी नस

पूर्वी पेशीतला पीएच मोजायचा तर काचेची अगदी बारीक सुई आत घालावी लागे. माकुळाची एक नस अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जाड असते, त्यात सुई जाते. १९७६ साली बोरॉन आणि डी वीर या दोघांनी त्या नसेवर प्रयोग छापला. त्यांनी नस ज्या पाण्यात ठेवली होती त्यात दोन वस्तू सोडून पाहिल्या: कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया.

बघा, आपल्या तळ्याचेही हेच दोन वैरी.

कार्बन डायऑक्साइड दिला, तर नसेच्या आत आंबटपणा वाढला. अमोनिया दिला, तर उलट झालं. अमोनिया वायूच्या रूपात पेशीच्या पातळ भिंतीतून सहज आत जातो, आतलं आम्ल पकडून बसतो आणि पीएच वर चढतो. अमोनिया काढून घेतला, तर पीएच पूर्वीपेक्षाही खाली घसरतो. मग पेशी स्वतःची ताकद खर्च करून आम्ल बाहेर फेकते. म्हणजे झटका दोनदा बसतो, येताना आणि जाताना.

🔹 सुई जात नाही तिथं उजेड जातो

माशाच्या रक्तपेशीत सुई घालणं जमत नाही, ती फार बारीक. म्हणून शास्त्रज्ञांनी चमकणारे रंग शोधले. एका रंगाचा उजेड पाडला की ते दुसऱ्या रंगाचा उजेड देतात. घरी पाहायचं असेल तर नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली तेलात कालवलेली हळद धरा, ती हिरवट-पिवळी चमकते.

१९८२ मध्ये रॉजर त्सिएन आणि सहकाऱ्यांनी बीसीईसीएफ नावाचा असा रंग वापरात आणला. त्याची युक्ती आपल्या बांबूच्या सापळ्यासारखी आहे. मासा आत जातो, बाहेर निघत नाही. रंगावर एक आवरण चढवलेलं असतं, म्हणून तो पेशीत शिरतो. आत पेशीतलेच पाचक रस आवरण काढतात आणि रंग अडकून राहतो. पेशी आंबट झाली की चमक मंदावते.

पण रंगच कमी शिरला असेल तरी चमक मंदच दिसणार. मग फसगत होते. त्यासाठी दोन प्रकारच्या उजेडात पाहतात, ४९० आणि ४४० नॅनोमीटर. पहिल्यात चमक पीएचप्रमाणे बदलते, दुसऱ्यात जवळपास बदलत नाही. दोन्हींचं गुणोत्तर काढलं की रंग किती शिरला याचा प्रश्न मिटतो. रात्री दूरच्या डोंग्यावर दोन कंदील आहेत असं समजा. दोन्ही मंद दिसले तर डोंगा लांब आहे. एकच मंद झाला तर त्या कंदिलातच काही बिघडलं.

🔹 जेलीफिश आणि बंगळूरू

ओसामु शिमोमुरा यांना १९६२ मध्ये जेलीफिशमध्ये हिरवं चमकणारं प्रथिन सापडलं. त्यावरच्या कामाला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, शिमोमुरा, चाल्फी आणि वर आलेले त्सिएन या तिघांना. त्या प्रथिनात बदल करून १९९८ मध्ये पीएच दाखवणारं रूप तयार झालं. ते पेशी स्वतःच तयार करते, बाहेरून रंग घालावा लागत नाही.

आपल्या देशातलं काम तर फारच सुंदर आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचंच बंगळूरूमधलं केंद्र म्हणजे एनसीबीएस. तिथं यमुना कृष्णन यांच्या गटानं २००९ मध्ये डीएनएच्या धाग्यांचं बारीक यंत्र केलं. आंबट जागी धागा दुमडतो, टोकांवरचे दोन रंग जवळ येतात आणि उजेडाचा रंग बदलतो. जिवंत पेशीतल्या पिशव्या किती आंबट होतात, ते त्यातून दिसलं.

🔹 मग आपल्या तळ्याला याचा काय उपयोग?

हे रंग आपल्याला विकत घ्यायचे नाहीत. पण त्यांनी दाखवलेलं समजलं तर चुना टाकताना हात थांबेल.

रात्रभर शेवाळ, मासे सगळेच श्वास घेतात. पहाटे प्राणवायू सर्वांत कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त. तो कल्ल्यातून आत गेला की रक्त आंबट होतं, आणि आंबट रक्त प्राणवायू नीट धरत नाही. दुपारी उन्हात शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पाण्याचा पीएच वर जातो. तेव्हा अमोनियाचं विष वाढतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८ ला पाच टक्के, ९ ला एक तृतीयांशाहून जास्त. पाणी तापलं की आणखी वाढ. अशा वेळी दुपारी कडक चुना म्हणजे पेशीत अमोनिया ढकलणंच.

म्हणून सभासदांनी एवढं करावं:

✅ पीएच दिवसातून दोनदा मोजा, सूर्य उगवायच्या आधी आणि दुपारी तीनच्या सुमारास. वहीत वेळेसकट लिहा. एकट्या आकड्याला अर्थ नाही.

✅ पेनसारखं मीटर वापरत असाल तर ४ आणि ७ च्या द्रावणात आधी तपासून घ्या. प्रयोगशाळेतही ओळखीच्या पीएचवर तपासल्याशिवाय चमकीवर विश्वास ठेवत नाहीत.

✅ मासे पहाटे वर आले तर आधी हवा द्या, ताजं पाणी सोडा, खाद्य बंद ठेवा. चुना नंतरची गोष्ट.

✅ मासे असलेल्या तळ्यात बिनविझलेला चुना टाकू नका. गरज असेल तर शेतीचा चुना, तोही मोजून आणि विचारून. तो पीएच हळू चढवतो.

✅ उरलेलं खाद्य आणि साचलेला गाळ हेच अमोनियाचं घर. खाद्य बेतानं द्या.

मासा बोलत नाही, म्हणून त्याच्या पेशीला विचारायला माणसांनी उजेड वापरला. आपण निदान पट्टी तरी वेळेवर बुडवू. वहीतले आकडे पुढच्या बैठकीला घेऊन या, सगळ्यांचे एकत्र मांडून पाहू.