तिजोरीची ताकद भिंतीत

२०२५ साली सोन्याने दहा ग्रॅमला १ लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. दहा-बारा तोळ्यांचे दागिने असलेल्या साध्या नोकरदार घरातही आता दहा लाखांच्या वरचा ऐवज असतो आणि तो सगळा ओंजळीत मावतो. तेव्हा घरात तिजोरी घ्यावी असे वाटणे साहजिक आहे. दुकानात मात्र चौकशी होते ती कुलूप आकड्यांचे की बोटाच्या ठशाचे, आत कप्पे किती, कपाटात बसेल का, एवढीच. ती कशाला आणि कशी जखडायची हे फर्निचरवाल्या सुतारावर सोपवले जाते. तो प्लायच्या खणात तिजोरी ठेवतो, मागच्या प्लायला चार स्क्रू मारतो आणि काम झाले असे सगळे समजतात. माझे म्हणणे असे की हा क्रम उलटा हवा. आधी भिंत आणि जमीन पाहावी, मग त्यांना साजेशी तिजोरी निवडावी आणि बसवण्याचे काम ते शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. न जखडलेल्या तिजोरीने चोराचीच सोय होते. एरवी घरभर धुंडाळावे लागले असते ते सगळे त्याला एका पेटीत गोळा केलेले मिळते.

तिजोऱ्या बनवणाऱ्यांनी हे केव्हाच ओळखले आहे. युरोपातल्या ईएन ११४३-१ या मानकानुसार १००० किलोपेक्षा हलक्या, सुट्या ठेवायच्या तिजोरीला जखडण्यासाठी भोक असावेच लागते. अमेरिकेत टीएल-१५ हा दर्जा हवा असेल तर तिजोरी निदान ७५० पौंडांची, म्हणजे सुमारे ३४० किलोंची असावी लागते, नाहीतर ती जखडण्याची सोय आणि सूचना द्याव्या लागतात. आपल्याकडच्या छोट्या डिजिटल तिजोऱ्या बहुतेक दहा ते पन्नास किलोंच्या. दोन माणसे अशी तिजोरी चादरीत गुंडाळून जिन्याने खाली नेऊ शकतात आणि मग ग्राइंडर चालवायला त्यांना हवा तेवढा वेळ मिळतो. ती घरातच फोडायची ठरली तरी सुटी तिजोरी हार मानते. ती उताणी पाडायची, दार वर आले की फटीत पहार घालायची आणि अंगाचा सगळा भार टाकायचा. तीच तिजोरी कोपऱ्यात, खाली आणि मागे जखडलेली असेल तर ती उताणी होत नाही, पहारीला वळायला जागा मिळत नाही आणि जोर लावणाऱ्याची निम्मी ताकद वाया जाते. महागड्या कुलपापेक्षा हे काम स्वस्तात होते.

मग भारीभक्कम तिजोरीच का घेऊ नये? कारण घराला तिचा भार पेलावा लागतो. आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीची स्लॅब दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, इतका वापराचा भार धरून आखतात. तीनशे-चारशे किलोंची तिजोरी अर्ध्या चौरस मीटरवर टेकवायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावे. जुन्या चाळीत किंवा वाड्याच्या लाकडी तख्तपोशीवर तर हा विचारच सोडून द्यावा. फ्लॅटसाठी मध्यम वजनाची, पण नीट जखडलेली तिजोरी हाच शहाणपणाचा मार्ग.

आता भिंतीकडे वळू. नव्या इमारतींतल्या आतल्या भिंती पुष्कळदा एएसी ब्लॉकच्या असतात. हे ब्लॉक हलके आणि सच्छिद्र असल्याने साधा फुगणारा फास्टनर आवळला की भोकाच्या कडा चुरतात आणि बोल्ट हाताने हलतो. तिथे केमिकल अँकर भरावा लागतो किंवा सरळ काँक्रीटची भिंत शोधावी लागते. जुन्या विटांच्या भिंतीत भोक विटेच्या मध्यावर पडले पाहिजे, सांध्यात नव्हे. काँक्रीट सर्वांत चांगले, पण तिथेही घाई नडते. ड्रिलने भोक पडल्यावर आत करडी भुकटी साचते. ती ब्रशने घासून, पंपाने फुंकून काढली नाही तर केमिकल अँकर काँक्रीटला चिकटण्याऐवजी धुळीला चिकटतो. साफ केलेल्या आणि न केलेल्या भोकातले बोल्ट वरून बघणाऱ्याला सारखेच दिसतात. फरक कळतो तो पहार लागल्यावर. त्यात भिंतीतून वायरिंग गेलेले असते, स्लॅबमधून पाइप गेलेला असतो आणि काही इमारतींच्या स्लॅबमध्ये ताण दिलेल्या केबल असतात. तशी केबल तुटणे इमारतीला आणि ड्रिल धरणाऱ्याला, दोघांनाही घातक. जाणकार कारागिराला पैसे द्यायचे ते या पारखीचे.

आगीचा विचार वेगळा करावा लागतो. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला आणि १९०२पासून तिजोऱ्या बनवायला सुरुवात केली. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्या आगीत गोदरेजच्या तिजोऱ्यांतला ऐवज शाबूत राहिल्याची ख्याती आहे. पण म्हणून कुठलीही लोखंडी पेटी आगीला पुरून उरेल असा समज करून घेऊ नये. सोने १०६४ अंशांना वितळते, कागद मात्र त्याच्या कितीतरी आधी करपतो. नुसत्या पोलादी पत्र्यातून उष्णता सरळ आत जाते. आगरोधक तिजोरीत दोन पत्र्यांमध्ये पाणी धरून ठेवणारा थर असतो. तापल्यावर त्याची वाफ होते आणि आतले तापमान काही काळ आटोक्यात राहते. अशा तिजोरीला आपल्या मनाने नवे भोक पाडले की तो थर तिथे उघडा पडतो, म्हणून कंपनीने ठेवलेल्या भोकातूनच बोल्ट घ्यावा. याच थरामुळे आत दमटपणाही राहतो. कोकणात पावसाळ्यात खरेदीखताच्या कागदांवर बुरशी धरते, ती टाळायला सिलिका जेलच्या पुड्या ठेवून वेळोवेळी बदलाव्यात. जुलै २०२१मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत जे पाणी शिरले ते आठवले तर तळमजल्यावर तिजोरी जमिनीलगत का बसवू नये हे वेगळे सांगायला नको. तिथे सळया घालून काँक्रीटचा उंच ओटा बांधावा आणि तिजोरी त्याला व भिंतीला जखडावी.

यावर पहिली हरकत बँकेच्या लॉकरची. लॉकर चांगलाच, पण रिझर्व्ह बँकेचे जानेवारी २०२२पासूनचे नियमही पाहावेत. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्यांची फसवणूक यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट. ३००० रुपये भाडे असेल तर ३ लाख. महापुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, तेवढेही नाही. वर्षातून एकदा लागणारा ऐवज लॉकरमध्ये आणि सणावाराला, लग्नकार्याला लागणारा घरात, ही वाटणी मला रास्त वाटते. दोन्हीकडच्या दागिन्यांचा विमाही उतरवावा.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे: तिजोरी दिसली की चोर गळ्याला सुरी लावील. तसे झाले तर क्षणाचाही विचार न करता तिजोरी उघडून द्यावी, माणसापुढे सोन्याची मातब्बरी नाही. मात्र बंद घर फोडणाऱ्यासमोर सुरी लावायला कुणी नसते आणि तिजोरीचा खरा उपयोग तिथेच होतो. तिसरी शंका अशी की बसवणाऱ्यालाच जागा कळते. ती कळणारच. म्हणून काम कंपनीच्या अधिकृत माणसाकडून करून घ्यावे, त्याचे ओळखपत्र पाहावे आणि तो असताना दागिन्यांचा डबा बाहेर काढू नये. तो गेल्यावर कारखान्यातून आलेला मूळ संकेतांक घरच्याच माणसाने बदलावा, आणीबाणीची किल्ली त्याच कपाटात न ठेवता दुसरीकडे न्यावी आणि त्यानंतरच पहिली बांगडी आत ठेवावी.